डिबगरच आडवा होतो तेव्हा...

कोड चुकला तर डिबगर आहे, असं आपण धरूनच चालतो. ब्रेकपॉइंट लावायचा, एकेक ओळ पुढे सरकायचं, व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघायचं. पण ‘प्रिंट’ म्हटल्यावर डिबगरच धाडकन बंद पडला तर? पहिली शंका स्वतःवर. आपलंच काहीतरी भयंकर चुकलंय! मग जागोजागी प्रिंटएफ टाकत बसायचं, नाहीतर अख्खा कोड एआयच्या चॅटमध्ये ओतायचा.

जरा थांबा. डिबगर हाही माणसांनीच लिहिलेला प्रोग्राम आहे. तो का कोसळला, हे समजून घेण्यासारखं आहे.

मेमरीत नुसते शून्य आणि एक. त्यांचा अर्थ ठरतो टाइपवरून. ज्या ३२ बिट्स फ्लोट म्हणून वाचल्या तर १.० दिसतं, त्याच इंट म्हणून वाचल्या तर १,०६,५३,५३,२१६ दिसतात! कुठे काय ठेवलंय आणि ते कसं वाचायचं, याची नोंद कंपायलर करून ठेवतो. सी आणि सी++मध्ये त्यासाठी ‘-जी’ हा पर्याय द्यावा लागतो. डिबगर चालतो तो या नोंदीच्या भरवशावर.

आता गंमत अशी, की एका फाइलमध्ये कधीकधी टाइपचं फक्त नाव असतं. ‘या नावाचं एक स्ट्रक्ट आहे’, एवढंच. तपशील दुसऱ्या फाइलमध्ये. आणि ती दुसरी फाइल ‘-जी’शिवाय कंपाइल झालेली असेल, तर तपशील कुठेच सापडत नाही. डिबगरच्या कोडमध्ये कुणी ‘तपशील असणारच’ असं गृहीत धरलेलं असेल, तर तो त्या टाइपचा आकार विचारायला जातो आणि तोंडावर आपटतो. नाव माहीत म्हणजे माणूस माहीत, असं समजण्यातलाच हा प्रकार.

एलएलडीबी या डिबगरला हा अनुभव आलाय. तो टाइप समजून घ्यायला क्लँग कंपायलरचाच कोड वापरतो. कंपायलरला बेस क्लास अर्धवट सापडला तर तो एरर देऊन मोकळा होतो. डिबगरला तशी मुभा नाही. समोर येईल त्या प्रोग्रामशी त्याला जुळवून घ्यावं लागतं. म्हणून अशा अर्धवट क्लासला तात्पुरतं ‘रिकामा, पण पूर्ण’ मानून पुढे जायची सोय त्यात करावी लागली. पण रिकामं दाखवणं म्हणजे एक प्रकारे खोटं सांगणंच की! त्यामुळे पुढे ‘हा टाइप अपुरा आहे’ असं पडद्यावर सांगायलाही त्याला शिकवलं गेलं.

आपल्याला नेमकं हेच जमत नाही. व्हायवात, इंटरव्ह्यूत ‘एवढं माहितीये, पुढचं माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते. मग एकतर ठोकून द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. म्हणजे चुकीचं उत्तर, नाहीतर क्रॅश! तिसरा पर्याय असतो, तो यंत्रालाही शिकवावा लागला.

तेव्हा पुढच्या वेळी डिबगर पडला, तर पळ काढू नका. सगळ्या फाइल्स ‘-जी’ लावून कंपाइल केल्यात का, ते बघा. कंपायलर आणि डिबगरचं व्हर्जन लिहून ठेवा. मग कोड छाटत चला: ही ओळ काढली तरी पडतो? हे फंक्शन काढलं तरी? हजार ओळींचे वीस ओळी होईपर्यंत छाटा. कारण तिथेच सापडतं.

आणि सापडलं की कळवा. जीडीबी, एलएलडीबी दोन्ही ओपन सोर्स आहेत. एलएलडीबी ज्या एलएलव्हीएम प्रकल्पाचा भाग आहे, तो २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू केला ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी. आडवे आपल्या आयआयटी मुंबईचे! वीस ओळींचा नीट नमुना पाठवणाऱ्याला तिथे कुणी कॉलेज विचारत नाही.

हत्यार बिघडलं म्हणून रडणारे पुष्कळ. ते उघडून बघणारे व्हा!