विमानाच्या पंखांस कापड कीं पत्रा?

विमानाचा पंख कापडाचा असूं शकतो असें सांगितलें कीं मुलें हसतात. परंतु १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं श्री. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहू येथें उतरले, त्या ‘पस मॉथ’ विमानाचे पंख लांकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले होते. १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं हाच प्रवास पुन्हां केला, तो ‘लेपर्ड मॉथ’ विमानांतून. त्याचेही पंख कापडीच.

हें कापड चढवितांना थोडें सैल असतें. मग त्यावर ‘डोप’ नांवाच्या रोगणाचे हात देतात. तें वाळतांना आक्रसतें व कापड ताठ होतें. जत्रेंत हलगी जाळावर शेकून ताणतात ना, तसाच हा पंखही टिचकी मारली असतां वाजतो.

अशीं जुनीं विमानें बाळगणारे कांहीं जण कापड काढून ॲल्युमिनियमचा पत्रा बसवितात. कापड उन्हानें जीर्ण होतें, विमान छपराखालीं ठेवावें लागतें, कापड पुनःपुन्हां बदलावें लागतें, हीं त्यांचीं कारणें खोटीं नाहींत. अमेरिकेंतील सेसना कंपनीनेंही १९४६ च्या आपल्या ‘१४०’ विमानाचे कापडी पंख १९४९ मध्यें धातूचे केले. पण तिनें जुन्या सांगाड्यावर पत्रा ठोकला नाहीं. पंखच नवा आंखला. धातूच्या पंखांत पत्रा स्वतः भार वाहतो. कापडी पंखांत भार सांगाड्यावर असतो. त्यावर पत्रा चढविला म्हणजे वजन वाढतें, आणि लहान विमानांत तेवढें पेट्रोल कमी घ्यावें लागतें.

आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगराकडील गांवीं मृगापूर्वीं घर शाकारीत. जुनें गवत उतरलें कीं कोणत्या वाशास वाळवी लागली तें घरधन्यास दिसे. पत्रे आले, शाकारणीची दगदग गेली, आणि वर पाहण्याची संवयही गेली. पंखाचें कापड उतरविलें असतां सडलेलें लांकूड, सुटलेला सांधा, प्रसंगीं उंदराचें घरटेंसुद्धां उघडें पडतें. पत्र्याखालीं तें झांकलेलें राहतें, व विमान मात्र उडत असतें. म्हणून कापडासाठीं बांधलेल्या पंखास कापडच असावें, असें आम्हांस वाटतें.

आतां सुती कापडाच्या जागीं पॉलिएस्टर आलें आहे व तें पुष्कळ अधिक वर्षें टिकतें. तेवढ्या काळांत आंत डोकावणार कोण, ही मात्र नवी काळजी.