केरसुणीनंतरचा केर

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. मात्र तिने गोळा केलेला केर उंबऱ्याबाहेर कोणाच्या हाती जातो, याची चौकशी तितक्या आस्थेने होत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत तर जुन्या वह्या, मिठाईचे खोके, फराळाचे खरकटे आणि उडालेल्या फटाक्यांचे रासायनिक अवशेष एकाच पिशवीत कोंबले जातात.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे तीन भाग घरातच करण्याचे बंधन घातले: कुजून खत होणारा तो ओला, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हा सुका, आणि बॅटऱ्या, रंगांचे डबे, मुदत संपलेली औषधे हा घरगुती घातक कचरा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून देणेही त्याच नियमांत होते. तरीही वर्गीकरण हे अनेकांना पालिकेने लादलेले जादा काम वाटते. वस्तुतः हे काम टळत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या अंगावर पडते, आणि आपल्या समाजात ते बहुधा दलित स्त्रीच्या अंगावर पडत आले आहे.

पुण्याचा अनुभव येथे मोलाचा आहे. १९९३ मध्ये तेथील कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. तिच्यातूनच आकाराला आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी २००८ मध्ये महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुका माल भंगारात विकून येणारे पैसे, यांवर या कामगारांचा संसार चालतो. आमटीत भिजलेल्या वर्तमानपत्राला भंगारवाला भाव देत नाही, म्हणजेच स्वयंपाकघरातला एका क्षणाचा निष्काळजीपणा थेट एका कुटुंबाच्या मिळकतीतून वजा होतो. लाल ठिपका काढून सॅनिटरी कचरा वेगळा देण्याची मोहीमही याच कामगारांच्या संस्थेने चालवली, कारण उघड्या पॅडला हात त्यांचाच लागत होता.

मिश्र कचऱ्याचा दुसरा भार गावे वाहतात. हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि त्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरींत उतरते. पुण्याच्या कचराडेपोविरुद्ध उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली ती या जाचापायीच. उलट, वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करून डेपोच्या जागी उद्यान उभे केले.

अर्थात, सारा दोष घरांवर टाकणेही न्यायाचे नाही. वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत एकत्र होताना दिसला की नागरिकांचा उत्साह मावळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून घराने वेगवेगळे डबे ठेवावेत, आणि त्याच हक्काने वॉर्ड कार्यालयाकडे कप्पे असलेली गाडी, कामगारांसाठी हातमोजे आणि सुका माल निवडण्यासाठी छपराची जागा मागावी.