हिरा आणि घण

एका वाचकभगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, आजेसासूबाईंच्या कुड्यांतील हिरे खरे कीं खोटे हें ठरविण्यासाठीं ते ऐरणीवर ठेवून वर घण घालावा, असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. तर तसें करावें काय? आमचें उत्तर असें कीं, कृपा करून करूं नये. काच फुटेल आणि खरा हिराही फुटेल. मग परीक्षा ती कसली?

घणाखालीं वांचतो तो हिरा, हा दृष्टान्त तुकोबांच्या अभंगामुळें आपल्या मनांत ठसला आहे. रोमच्या प्लिनीनेंही पहिल्या शतकांत हेंच लिहून ठेविलें होतें. दृष्टान्त म्हणून तो आम्हांस शिरसावंद्य. सोनाराच्या दुकानांत मात्र तो नेऊं नये. काठिण्य म्हणजे ओरखडा न उमटणें. आघात सोसणें हा गुण निराळा.

स्फटिकांत अणु शिस्तीनें रचलेले असतात. ज्या पातळ्यांमधील बंध विरळ अथवा दुबळे, तेथें पदार्थ सपाट चिरतो. यास पाटन म्हणतात. संस्कृतांत 'पाटयति' म्हणजे चिरतो, तेव्हां शब्द नेमका योजला आहे. अभ्रकाचे पापुद्रे नखानें सुटतात, कारण तेथें पाटनाची दिशा एकच. कॅल्साइटास तीन दिशा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकांतील पोकळ्यांत हें खनिज सांपडतें. कितीही वेळां फोडा, प्रत्येक तुकडा तिरप्या पेटीसारखाच निघतो. या गोष्टीचा विचार करूनच फ्रान्समधील हाउई यानें १७८४ सालीं स्फटिकरचनेचा सिद्धान्त मांडला. गारेस मात्र पाटन जवळजवळ नाहींच. ती काचेसारखी फुटते व फुटल्या जागीं शिंपल्यावरच्यासारखीं वलयें दिसतात. हें भंजन.

हिऱ्यास पाटनाच्या चार दिशा आहेत. १९०५ सालीं ट्रान्सवालांत सांपडलेला ३१०६ कॅरटांचा कलिनन हिरा १९०८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें जोसेफ आशर यांनीं फोडला, तो दिशा अभ्यासून, आधीं खांच कोरून, तींत पोलादी पातें ठेवून व वर ठोका देऊन. जाणत्यास एवढी तयारी लागली. ऐरणीवरचा अडाणी घाव दिशा विचारीत नाहीं.

परीक्षा हवीच असेल तर कुड्या भरंवशाच्या रत्नपारख्याकडे न्याव्या. हिरा तांब्याहूनही जलद उष्णता वाहून नेतो, काच तशी नेत नाहीं. हा भेद दाखविणारें लहानसें यंत्र आतां मिळतें. मात्र मॉयसनाइट नांवाचा कृत्रिम खडा त्या यंत्रास फसवूं शकतो; म्हणून तो ओळखण्याची सोय आहे काय, हेंही आधींच विचारून घ्यावें.