फोटो पुरे, आता कवायत हवी

दर वर्षी २० जानेवारीला, खान अब्दुल गफ्फार खान यांच्या स्मृतिदिनी, आपल्या मोबाइलवर तोच फोटो फिरतो. उंचापुरा पठाण, शेजारी गांधीजी, खाली ‘सरहद्द गांधी’ ही ओळ. आपण तो पुढे पाठवतो आणि समाधान मानतो. मला या समाधानाचाच राग येतो.

कारण हा फोटो आपण स्वतःसाठी पाठवत नाही. समोरच्याला दाखवायला पाठवतो: बघा, आमच्यातही एक गांधी होता! बादशाह खानांना आपण चारित्र्याचा दाखला करून टाकले आहे. इतरांपैकी अनेकजण त्यांची आठवण काढतात ती ‘चांगला मुसलमान’ कसा असावा, हे आपल्याला शिकवण्यासाठी. दोन्हीकडे माणूस उरतो, त्याची संघटना गायब होते.

ती संघटना एका रात्रीत उभी राहिली नव्हती. १९२१ मध्ये त्यांनी उतमानझई या आपल्या गावी शाळा काढली. गावोगाव फिरले. १९२८ मध्ये ‘पख्तून’ मासिक सुरू केले. ‘खुदाई खिदमतगार’ची स्थापना झाली १९२९ मध्ये, आठ वर्षांच्या मशागतीनंतर. भरती होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे: बदला घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, रोज किमान दोन तास समाजाचे काम करीन. शिबिरे होती, कवायत होती, हुद्दे होते, विटकरी गणवेश होता. खुनाचा बदला खुनाने घेण्याची रीत असलेल्या मुलखात हे घडले. तिथे अहिंसा कोणाच्या स्वभावात नव्हती, ती सरावाने कमावली. तिचा आधारही उसना नव्हता. मक्केतल्या छळाच्या काळात पैगंबरांनी दाखवलेला सब्र हेच आपले हत्यार, असे बादशाह खान सांगत.

त्या हत्याराची धार २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात दिसली. बादशाह खानांना अटक झाली, निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला, माणसे पडली. मात्र चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाल रायफल्सच्या जवानांनी गोळी झाडायला नकार दिला. शिपाई हिंदू, समोरचे पठाण मुसलमान. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. समोरून बंदुका चालल्या असत्या, तर हा नकार आला असता का? अहिंसेचे डावपेच म्हणतात ते हेच: चापावरचे बोट सैल करणे.

‘शेवटी मिळाले काय?’ असे आपली तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९४७ ला काँग्रेसने फाळणी मान्य केली आणि खिदमतगार एकटे पडले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी बाबडा येथे त्यांच्यावर पुन्हा गोळीबार झाला, या वेळी पाकिस्तानच्या राजवटीत. अहिंसा विजयाची हमी देत नाही. हिंसा तरी कुठे देते? आज एका पोराने भिरकावलेला एक दगड पुरतो. मोर्चा कशासाठी होता हे कोणी विचारत नाही. उरतात एफआयआर, जामिनासाठी धावणाऱ्या आया आणि बुलडोझरची भीती. डिवचणाऱ्याला तो दगडच हवा असतो. तो त्याला न देणे याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने एकदा खिदमतगारांसारखे लाठीसमोर उभे राहून पाहावे.

बादशाह खान आपल्याला परके नाहीत. १९३४ मध्ये सरहद्द प्रांतात जायची बंदी होती तेव्हा ते वर्ध्याला राहिले. मुंबईतल्या एका भाषणासाठी त्यांना अटक झाली, तीही वर्ध्यातच.

म्हणून पुढच्या २० जानेवारीला फोटो नको. प्रत्येक मोहल्ल्यात वीस मुलेमुली तयार करा. मोर्चाची रांग कशी धरायची, शिवी कशी गिळायची, दगड उचललेला हात कसा धरायचा, वकिलाला कधी फोन करायचा, याचा सराव करा. बाकीच्या दिवशी शाळा, दवाखाना, गटार यांची कामे करा, शेजारच्या वस्तीतलीही. रोजचे दोन तास. शपथ तेवढीच होती.