मे संपायच्या आत पासबुक छापून घ्या

धाराशिव जिल्ह्यातील खातेदार बंधू-भगिनींनो,

कारखान्यांचा पट्टा पडला. भूम, वाशी, कळंब, परंड्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या घरी आल्या. सहा महिने बंद असलेलं घर आपण झाडून घेतलंत. तितक्याच निगुतीनं बँकेचं खातंही एकदा उघडून बघा, एवढ्यासाठी हे आवाहन.

माझी नोकरी बँकेच्या खिडकीमागे गेली. अनुदान जमा झाल्याचा मेसेज बघून आलेल्या बायका विचारायच्या, "साहेब, माझे पैसे कुणी काढले?" काढलेले कुणीच नसायचे. खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून महिन्यामागून महिना दंड चढत गेलेला असायचा आणि रक्कम येताच तो वसूल व्हायचा. त्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसायचं, हे मला आजही खुपतं. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हाही राज्यभर याच तक्रारी झाल्या, आणि ही रक्कम कापू नका असं सरकारला बँकांना बजावावं लागलं.

म्हणून नियम माहीत हवा. १ एप्रिल २०१५ पासून रिझर्व्ह बँकेचा व्यापारी बँकांना आदेश आहे: शिल्लक कमी झाली तर खातेदाराला आधी कळवायचं, ती भरायला किमान एक महिना द्यायचा, त्यानंतरच दंड. तोही जेवढी रक्कम कमी, त्या प्रमाणात. आणि केवळ या दंडापायी बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. तुमच्या पासबुकात तसं दिसत असेल तर मान खाली घालून पैसे भरू नका. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड बंद केला. कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून, तर पंजाब नॅशनल बँकेने त्याच वर्षी १ जुलैपासून तो काढून टाकला. तुमची बँक अजून घेत असेल, तर आहे तेच खातं शून्य शिल्लकीचं, म्हणजे 'मूलभूत बचत खातं', करून मागा. जनधन खातं याच प्रकारातलं. त्यात एटीएम कार्ड फुकट आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नाही. मात्र रागाच्या भरात जुनं खातं बंद करू नका. सरकारी अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच येतं. ते कुठलं हे पाहिल्याशिवाय पाऊल उचललंत तर हप्ता अडकेल.

या दंडाहून मोठी झळ कर्जाच्या हप्त्यांची. मोटारसायकल, मोबाइल किंवा छोट्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी आपण कागदावर सही करून दिलेली असते. पैसे नसले की हप्ता बाऊन्स होतो. बँक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते, वर जीएसटी. ऑगस्ट २०२१ पासून ही वसुली रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, म्हणून "सोमवारी भरू" यावर विसंबू नका. पैसे आदल्या दिवशीच खात्यात हवेत. अनुदानाच्या खात्यावर असे हप्ते लावूच नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

हप्ता भागवायला जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही उचल, मिळू शकतो. पण तेही कर्जच आहे, त्यावर व्याज लागतं.

आता मेचा मुद्दा. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये हे विमे घेतलेल्यांच्या खात्यातून या महिन्याच्या अखेरीस कापले जातात. तेवढी शिल्लक नसेल तर १ जूनपासून विमा चालू राहत नाही. कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या घराला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण सुटणं परवडणारं नाही.

दंडाबद्दल शाखेत दिलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बचत गटांच्या ताईंना आणि शाळेतल्या गुरुजींना विनंती, की ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पासबुकातल्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवा. कापलेली रक्कम दिसली की तारखेसह वहीत उतरवा. अर्जात तीच लिहायची आहे.