बुद्धीचे कौतुक, भावनेची हेटाळणी

घर मडगावचे असो, बेळगावचे असो की इंदूरचे, हुशार मुलाचे प्रदर्शन मांडण्याची आमची हौस दांडगी. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला न आला तोच चिरंजिवांना पाढे, स्तोत्रे आणि देशोदेशींच्या राजधान्या म्हणून दाखवण्यास पाचारण होते. तेच चिरंजीव गल्लीतल्या कुत्रीच्या मेलेल्या पिलासाठी तासभर हुंदके देऊ लागले, की मातापित्यांची मान खाली जाते. ‘एवढा हुशार, आणि रडतो काय मुळूमुळू!’ या उद्गाराशीच आमचे भांडण आहे. ज्या नजरेने गणितातली खोच टिपली, त्याच नजरेला ते पिलूही दिसले. एकीला बक्षीस आणि दुसरीला चापट, हा न्याय कुठला?

पोलंडचे मनोरोगतज्ज्ञ काझिमिएझ दाब्रोव्स्की (१९०२–१९८०) यांनी या तीव्रतेचे पाच प्रकार सांगितले: हालचालीची, इंद्रियांची, बुद्धीची, कल्पनेची आणि भावनेची. पुढील संशोधकांनी त्यांचे सारेच म्हणणे उचलून धरले असे नाही, आणि प्रत्येक बुद्धिमान मूल हळवे असतेच असेही नाही. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ पासून हुशार मुलांची जी दीर्घ पाहणी केली, तीत ही मुले एकंदरीने निरोगी आणि समतोल आढळली. तेव्हा ‘हुशार तेवढे चक्रम’ ही ओट्यावरची गप्पही आम्हांस मान्य नाही. मात्र लेटा हॉलिंगवर्थ यांच्या १९४२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील निरीक्षण मोलाचे आहे. अशा मुलाला मृत्यूचे, न्याय-अन्यायाचे प्रश्न फार लवकर पडतात. ते पेलण्याचे बळ मात्र त्याच्या वयाचेच असते. प्रश्न बाराव्या वर्षाचा आणि धीर सहाव्या वर्षाचा, अशी ही ओढाताण आहे.

गंमत अशी, की याच समाजाने ‘श्यामची आई’ डोक्यावर घेतली. १९३५ साली पुस्तक निघाले, १९५३ साली चित्रपट आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या घळघळा रडल्या. तो श्याम कोण होता? न्हाऊन झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून अडून बसणारा पोरगा! आमच्या आजच्या घरात त्याला ‘नखरेल’ म्हणून धपाटा मिळाला असता. त्या माउलीने धोंड्यावर ओचे पसरले, आणि पाय स्वच्छ ठेवण्याचा तोच हट्ट धरून मन स्वच्छ ठेवण्याची गोष्ट सांगितली. पडद्यावरच्या श्यामसाठी रुमाल भिजवायचा आणि घरातल्या श्यामला कोपऱ्यात उभे करायचे, याला आम्ही दांभिकपणा म्हणतो.

लाड करा, असे आमचे सांगणे नाही. रागाच्या भरात धाकट्या बहिणीला मारणे चूकच, आणि ते थांबवलेच पाहिजे. पण राग येणे हा गुन्हा ठरवू नये. हुंदके चालू असताना उपदेश कानांत शिरत नाही. जवळ बसावे, बोलणे मागाहून. आणि ते बोलणे मुलाच्या घरच्या भाषेत व्हावे. कित्येक मुले घरी कोंकणी वा मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. रुसवा, हुरहुर, घालमेल यांसाठी शाळेच्या भाषेत त्यांच्यापाशी शब्दच नसतात, आणि मग ‘उद्धट’ ठरून मोकळी होतात. मूल अन्न टाकू लागले, झोप उडाली, किंवा जगणे नको म्हणू लागले, तर ‘हुशार मुलांचे असेच असते’ म्हणत न बसता तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे.

राहता राहिले गुरुजी. प्रगतिपुस्तकात ‘फार हळवा आहे’ एवढा शेरा ओढून हात झटकणे सोपे असते. पालकांनी त्याखाली सही करण्यापूर्वी शाळेत जाऊन विचारावे: मूल कोणत्या प्रसंगी रडले, त्याआधी वर्गात काय घडले होते, आणि ते रडू लागल्यावर आपण काय केलेत?