नुसती फरशी पुरत नाही

गेल्या अंकातील पत्रलेखकाने खुराड्यात नुसती शहाबादी फरशी ठेवून ती रोज धुण्याचा सल्ला दिला आहे. पक्की जमीन हवी, हे खरेच. उंदीर-घुशी खालून उकरत नाहीत. पण उघड्या, ओल्या फरशीवर कोंबड्यांच्या तळपायांना जखमा होऊन गळू धरते. शिवाय रक्ती हगवणीच्या परजीवीला दमटपणाच हवा असतो. उबेत, ओलीत विष्ठेतली त्याची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात.

फरशीवर भाताच्या तुसाचा तीन-चार इंच थर द्यावा. कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियात ते भातगिरणीवर मिळते. बारीक लाकडी भुसा पिल्लांखाली नको; ती तो टिपून खातात.

तूस मुठीत दाबून पाहावे. गोळा झाला तर ओल जास्त, सुटून पडले तर ठीक. पावसाळ्यात ते रोज खालीवर करावे आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचे गच्च झालेले काढून टाकावे. माणसाच्या नाकाला अमोनिया झोंबेपर्यंत थांबू नये; जमिनीलगत वावरणाऱ्या कोंबड्यांच्या डोळ्यांना त्याचा त्रास आधीच सुरू झालेला असतो.

बाहेरच्या मोकळ्या जागेत मात्र तूस टाकणे व्यर्थ. पहिल्याच पावसात त्याचा चिखल होतो. तिथे मुरूम पसरून पाण्याला उतार द्यावा.